हिअर, लिसन आणि खीर

“लिसनच्या पुढं टू येतो, हिअरच्या पुढं येत नाही. म्हण बघू,” आप्पा म्हणाले.

मी भेंडी पुसत बसले होते. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, वर बी. एड. केलेली आणि गावच्या हायस्कुलात नववी-दहावीला इंग्रजी शिकवणारी मुलगी मी, आणि माझी उजळणी घेत होते आमचे आप्पा. त्यांचं खतांचं आणि बियाण्यांचं दुकान होतं, आणि त्यांचं इंग्रजी युरियापासून सुरू होऊन सुपर फॉस्फेटपाशी संपत होतं.

“आप्पा, मला येतं ते. मी पोरांना शिकवते.”

“तुला येतंय गं. पण अकिवाटे सरांना पाहिजे तसं येतंय काय?”

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, “म्हणून दाखव की एकदा. तुझं काय जातंय?”

अकिवाटे सर म्हणजे सांगलीचे निवृत्त इंग्रजी शिक्षक. येत्या रविवारी ते आपल्या मुलासाठी मला बघायला येणार होते. मुलाचं नाव शीतल. आमच्या जैन समाजात शीतल हे मुलाचं नाव असतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. मुलगा सरकारी नोकरीत इंजिनिअर, एकुलता एक, उंच आणि निर्व्यसनी. असं स्थळ तीन वर्षं बिनलग्नाचं का राहिलं होतं, याचं कारण आमच्या आठ-दहा गावांत लहान पोरालाही ठाऊक होतं. सर प्रत्येक मुलीला एकच प्रश्न विचारत, हिअर आणि लिसन या दोन शब्दांत फरक काय आणि त्यांचा वाक्यात उपयोग कसा करायचा. आतापर्यंत सात मुली नापास झाल्या होत्या. त्यांतली एक डॉक्टर होती.

लोक मुली बघायला जातात. सर तपासायला जात.

आता प्रश्न जाहीर झालेला असला की उत्तरंही गावोगाव फिरायला लागतात. नापास मुलींच्या घरांतून ती बाहेर पडली होती आणि पापडाच्या पिठासारखी या घरातून त्या घरात चालली होती. नांदणीच्या एका बाईंनी आईला सांगितलं होतं की हिअर कानानं करायचं आणि लिसन मनानं. कुरुंदवाडहून आलेल्या उत्तरात हिअर रेडिओसाठी होतं आणि लिसन नवऱ्यासाठी. आप्पांना मिळालेलं टूचं उत्तर त्यातल्या त्यात शहाणं होतं. ते आणलं होतं बाबगोंडा मामांनी. मामा म्हणजे आईचे लांबचे भाऊ. लग्नं जुळवणं हा त्यांचा छंद होता आणि जुळलेल्या लग्नात पंगतीला पहिलं पान ही त्यांची दक्षिणा.

मला त्या प्रश्नाची भीती नव्हती. मला काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. जूनमध्ये मी शाळेत कायम होणार होते. हेडमास्तरांनी तसं तोंडी सांगितलं होतं. सांगली काही परदेशात नव्हती, एसटीनं रोज जाऊन-येऊन नोकरी करता आली असती. लग्नाला माझी ना नव्हती. एवढंच हवं होतं, की नोकरी सोडणार नाही हे समोरच्यांना आधी कळावं आणि त्यांनी आधी हो म्हणावं.

मी ते आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, “बरं बरं, सुपारी फुटू दे.” आईला सांगितलं. ती म्हणाली, “असलं पहिल्यांदाच बोलायचं नसतंय, नंतर बघता येतंय.” नंतर म्हणजे कधी असं विचारलं, तर म्हणाली, “नंतर म्हणजे नंतर.” शेवटी बाबगोंडा मामांना गाठलं आणि म्हटलं, एवढं सरांच्या कानावर घालाच. “घालतो की,” मामा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सांगत आले की सरांना खपली गव्हाची खीर फार आवडते.

तेव्हा मी ठरवलं की रविवारी आपणच सांगायचं, तोंडावर, सगळ्यांसमोर.

पुसाचे, म्हणजे पौषातल्या थंडीचे दिवस होते. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, आणि आमच्या घरच्या सगळ्या हालचाली त्याच्याकडे बघून चालत. दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही. आमच्या घरात नियम पाळायचे ते आमच्या पद्धतीनं, म्हणजे आप्पा दुकानातून धावत येऊन घास कोंबायचे आणि खिडकीतून बघत म्हणायचे, अजून उजेड आहे. अकिवाटे सरांचं मात्र कडक होतं. मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. म्हणून आईनं बेत असा आखला की तीन वाजता पोहे, मग बघणं, आणि पाच वाजता पानं. खीर सकाळपासून शिजत होती.

ते बरोबर तीनला आले. सरांचा शर्ट पांढरा, खिशाला दोन पेनं. मागून काकू आल्या, म्हणजे सरांच्या मंडळी, बारीक अंगाच्या, हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसणाऱ्या. शीतल सगळ्यात शेवटी आला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला. कॅलेंडर आप्पांच्या खतवाल्या कंपनीचं होतं आणि त्यावर उसाच्या फडाचं चित्र होतं. शीतलनं ते ज्या एकाग्रतेनं बघितलं, तसं आप्पांनीही कधी बघितलं नसेल.

मी पोहे आणले. आमच्यात त्यांना कांदेपोहे म्हणायची सोय नाही, कारण कांदा नसतो.

“उत्तम,” सर म्हणाले. “कांदा नाही.”

“आमच्यात कोण खात नाही,” आप्पा म्हणाले. लपवण्याची वेळ आली की ते धडधडीत खोटं बोलत. शेंगा आणि कांदा त्यांच्या दुकानातला रोजचा दुपारचा फराळ होता.

नाव, गाव, शिक्षण झालं. सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, रुमालानं बोटं पुसली आणि खुर्ची जरा पुढं ओढली. खोलीत एकदम परीक्षेची शांतता पसरली. आई दारात येऊन उभी राहिली.

“हिअर आणि लिसन,” सर म्हणाले. “फरक सांग.”

मी सांगितलं, जसं वर्गात सांगते तसंच. हिअर म्हणजे आवाज आपोआप कानावर पडणं. त्यात आपलं काही कर्तृत्व नाही. लिसन म्हणजे मुद्दाम लक्ष देऊन ऐकणं. कुत्रं भुंकलेलं हिअर, आणि वर्गात शिक्षक शिकवतात ते लिसन, निदान तशी अपेक्षा असते. कशाचं ऐकायचं ते सांगायचं असलं की लिसनला टू लागतो, हिअरला लागत नाही. मी बोलत होते आणि कोपऱ्यात आप्पांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. टूपाशी आल्यावर तर त्यांनी मान डोलावली.

“छान,” सर म्हणाले. “आता एकाच वाक्यात दोन्ही शब्द. इंग्रजीत.”

मला वाटलं, आता हीच वेळ आहे. मी सावरून बसले आणि म्हणाले, “आय हॅव टोल्ड माय फादर दॅट आय विल नॉट लीव्ह माय जॉब. ही हिअर्स मी, बट ही डझ नॉट लिसन टू मी.”

नोकरी सोडणार नाही असं मी वडिलांना सांगितलंय. त्यांना ऐकू येतं, पण ते ऐकत नाहीत. याहून सरळ कुठल्याच भाषेत सांगता आलं नसतं.

सर डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले. त्यांचा चेहरा फुलला होता.

“लिसन टू मी,” ते म्हणाले. “टू आला. आणि डझ नॉटच्या पुढं मूळ क्रियापद. लिसन्स नाही केलं. त्या डॉक्टरीणबाईंनी केलं होतं.”

“काय म्हणाली?” आप्पांनी मामांना हळूच विचारलं.

“वाक्य बरोबर आहे म्हणायलेत,” मामा म्हणाले.

आप्पांनी आईकडं बघितलं. आईनं देवाकडं बघितलं. शीतल उसाचा फड बघत होता.

“सर,” मी मराठीत म्हटलं, “ते नुसतं वाक्य नव्हतं. मी खरोखरच नोकरी सोडणार नाही.”

“हां, बरं आठवलं,” सर म्हणाले. “आय विल नॉट म्हणालीस. आता आमच्या वेळी आय आणि वुईच्या पुढं शाल घालत. हल्ली सगळं विलवर भागवतात. मी मार्क कापणार नाही, पण लक्षात ठेव.”

आणि मग सर सुटले. आय अ‍ॅम लिसनिंग चालतं, पण आय अ‍ॅम हिअरिंग का चालत नाही? कारण कानावर पडणं ही काही आपण चालवलेली क्रिया नव्हे. अमुक घडल्याचं कानावर आलं असं म्हणताना मात्र हिअरच का? लिसन का नाही? एकेका वाक्याची ते चव घेत होते. त्यांना सगळं येत होतं, यात शंका नाही. त्यांच्या वर्गात बसायला मला आवडलं असतं. फक्त वर्ग सुटल्याची घंटा वाजवणारा माणूस तिथं असायला हवा होता.

आई दारात आली. “पानं घेऊ नव्हं?”

ते ऐकून काकूंनी पिशवीतून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. त्यांना साखरेचा आजार होता. गोळी घेतली की पाठोपाठ जेवायला लागायचं.

“सर, जेवून घेऊया की,” आप्पा म्हणाले.

“हो हो,” सर म्हणाले. “तर, आय लिसन्ड बट आय हर्ड नथिंग. हे वाक्य बघा. केवढं सुंदर आहे.”

भिंतीवरचं ऊन कॅलेंडरावरून सरकून कोपऱ्यात गेलं होतं. आई आत-बाहेर करत होती. मामा, ज्यांचं सगळं लक्ष खिरीच्या वासाकडं होतं, दोनदा खाकरले. आप्पा खिडकीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की अजून उजेड आहे हे त्यांचं वाक्य आता फार वेळ टिकणार नाही.

“अहो,” काकू म्हणाल्या, “मी गोळी घेतलीय.”

“हो हो.”

“अहो, गोळी घेऊन बराच वेळ झालाय.”

सरांनी बोट वर केलं. मला वाटलं, आता तरी उठतील.

“हे उत्तम उदाहरण,” सर मला म्हणाले. “आता आमच्या मंडळी काहीतरी बोलल्या. माझ्या कानावर आवाज पडला. हे काय झालं? हिअर. पण माझं लक्ष तुझ्याकडं होतं, म्हणून ते मी ऐकलं का? नाही. म्हणजे लिसन झालं नाही. प्रत्यक्ष जीवनातलं उदाहरण असलं की मुलं विसरत नाहीत.”

काकूंनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. बत्तीस वर्षांच्या संसारात उदाहरण म्हणून बसायची त्यांना सवय झाली असावी.

माझं डोकं तापलं. मी उठून म्हटलं, “सर, आधी जेवण.” आणि सर म्हणाले, “एकच मुद्दा राहिला.” तो मुद्दा संपला तेव्हा खोलीत दिवा लावावा लागला.

सरांनी खिडकीकडं बघितलं. “अरेरे,” ते म्हणाले. “मावळला की.” मग जरा वेळानं, “असू दे. एक वेळ निराहार झालं. शरीराला बरंच असतं.”

आईचा चेहरा बघवत नव्हता. सकाळपासून रांधलेलं सगळं स्वयंपाकघरात झाकून पडलं होतं आणि घरात पाहुणे उपाशी होते. मामांचा चेहरा तर त्याहून बघवत नव्हता.

“आई?” शीतल म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. काकूंच्या कपाळावर घाम आला होता, ऐन थंडीत, आणि पिशवीवरचे हात थरथरत होते. मी त्यांना धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पाटावर बसवलं. मी साखरेचा डबा काढायला लागले.

“खीर हाय म्हणत होता नव्हं?” काकू म्हणाल्या. “वाढ मला.”

आई घुटमळली. “वैनी, दिवस...”

“दिसतंय मला.”

मी वाटी भरून दिली. तोवर सर दारात आले होते. मागं आप्पा, मामा, शीतल.

“अगं, दिवस मावळला,” सर म्हणाले. “तुझा नियम आहे. लग्नापासूनचा.”

काकूंनी पहिला घास घेतला.

“अगं, मी काय म्हणतोय?”

“ऐकू येतंय मला,” काकू म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला.

सर गप्प झाले. दुपारी तीनपासून पहिल्यांदाच गप्प झाले. ते वाटीकडं बघत राहिले, काकूंच्या हाताकडं बघत राहिले. आमच्यात कोणी काय बोललं याकडं लक्ष दिलं नाही तरी चालतं, पण मावळल्यावर कोणी खाल्लं तर सगळं घर बघतं. मी ते बघून ठेवलं.

पुरुष मंडळी बाहेर गेली. आई त्यांना पाणीही देता येत नाही म्हणून हळहळत मागोमाग गेली. मी काकूंपाशी बसले. थरथर कमी झाली होती.

“नोकरी सोडणार नाही म्हणालीस नव्हं?” काकूंनी विचारलं.

मी चकित झाले. “तुम्ही ऐकलंत?”

“दोनदा म्हणालीस. पहिल्यांदा इंग्रजीत म्हणालीस ते चेहऱ्यावरनं कळलं.” त्यांनी वाटीतली खीर निपटून घेतली. “सोडू नको.”

“नाही सोडणार.”

“आणि आमच्या घरात येऊ नको.”

त्या हे रागानं बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगितलं. “शीतल गुणाचा हाय,” त्या म्हणाल्या. “पण तोबी भिंतीकडं बघत बसतोय. तू एकटी किती बोलशील?” मग उठल्या, तोंड पुसलं, आणि पिशवी घेऊन बाहेर जाऊन बसल्या.

मला वाटलं, प्रकरण संपलं.

दोन दिवसांनी मामा पेढे घेऊन आले.

“पास,” त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं. “सात पोरी गेल्या, आठवी पास झाली. सर म्हणाले, अशी मुलगी बघितली नाही. येत्या रविवारी तारीख धरायला येत्यात.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“आणि सरांना सगळ्यात काय आवडलं म्हाईत हाय काय?” मामा म्हणाले. “नोकरी सोडायला तयार आहे हे पोरीनं आपण होऊन सांगितलं म्हणे. दुसऱ्या कुणी सुचवायच्या आधी.”

“मी? कधी?”

“इंग्रजीत म्हणालीस म्हणे.”

“मामा, मी सोडणार नाही म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, मराठीत म्हणाले, तुम्ही तिथंच होता.”

“मी खिरीच्या नादात होतो गं,” मामा म्हणाले. निदान तेवढं खरं बोलले.

“आप्पा, तुम्ही तरी सांगा.”

“अगं, सोडतो म्हणाली असशील तर चांगलंच झालं की,” आप्पा म्हणाले. “आम्ही काय वाईट म्हणायलोय?”

त्या आठवड्यात मी नाही म्हणाले ते सकाळी म्हणाले, दुपारी म्हणाले, जेवताना म्हणाले आणि साड्यांच्या दुकानातही म्हणाले. आप्पा दर वेळी बरं बरं म्हणत. आई म्हणत होती, “लाजायलीया.” काकूंनी काय सांगितलं तेही मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “सासू अशी जीव लावणारी मिळायला भाग्य लागतंय.” तेव्हा मात्र मला रडायला आलं. मी रडले ते बघून आईनं शेजारच्या काकींना सांगितलं की पोरगी सासरी जायच्या विचारानं हळवी झालीय. एवढ्या प्रेमळ माणसांपुढं हात टेकायची वेळ येते, हे त्या आठवड्यात मला पुरतं कळलं.

रविवारी सर आले ते या खेपेला सावध होऊन आले. घरीच लवकर जेवून, दिवस मावळता मावळता. म्हणजे पानं वाढायची घाई नाही आणि बोलायला भरपूर वेळ. काकू त्याच खुर्चीवर बसल्या, मांडीवर पिशवी. शीतल त्याच कॅलेंडरासमोर. मामा पंचांग घेऊन बसले होते.

“सर,” मी म्हणाले, “तारखेच्या आधी मला एक बोलायचंय.”

“बोल की. बस,” सर म्हणाले. “पण त्याआधी एक. हिअर-लिसन झालं. आता सी आणि लुक. तीच गंमत आहे. डोळ्यांना दिसणं निराळं आणि आपण बघणं निराळं. लुकला अ‍ॅट लागतो. सांग, वाक्यात उपयोग कसा करशील?”

“सर, मी लग्न...”

“वाक्यात.”

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. चूल विझलेली होती, भांडी घासून पालथी घातली होती. फळीवर भडंगाचा डबा होता. मी ताटली भरून भडंग घेतलं, बाहेर आले, दिव्याखाली, सरांच्या बरोबर समोर खुर्ची ओढून बसले आणि खायला सुरुवात केली.

आमच्या भागातलं भडंग कुरकुरीत असतं. शांत खोलीत त्याचा आवाज होतो तो कानावर पडायचा टाळता येत नाही.

सर लुकपाशी थांबले. मामांनी पंचांग मिटलं. आईनं तोंडाला पदर लावला. आप्पांनी आधी खिडकीकडं बघितलं, अजून उजेड असला तर बरं म्हणून, पण बाहेर मिट्ट काळोख होता.

“राजमती,” आप्पा म्हणाले. “हे काय करायलीस?”

मी आणखी एक मूठ तोंडात टाकली. शीतलनं कॅलेंडरावरून नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं.

“काय चाललंय हे?” सर म्हणाले. “तुला काय म्हणायचंय काय?”

इतक्या दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी घास नीट चावून गिळला, मग बोलले.

“मी नोकरी सोडणार नाही. आणि हे लग्न करणार नाही.”

सरांनी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंच, पण त्यांनी शोधलंही नाही. ते उठले, खिशातली पेनं चाचपली आणि चप्पल घालायला लागले. आप्पा त्यांच्या मागं मागं काहीतरी बोलत होते.

काकू माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्या ताटलीतलं मूठभर भडंग घेतलं, तोंडात टाकलं, आणि चावत चावतच अंधारात उतरल्या.

पोरगी मावळल्यावर पाहुण्यांसमोर खायला बसली हे आप्पांनाही गावात सांगता येईना आणि सरांनाही. म्हणून बाबगोंडा मामांनी तोडगा काढला. कुंभोज्यांची मुलगी, म्हणजे मी, इंग्रजीत नापास झाली, असं त्यांनी आठ-दहा गावांत सांगितलं. ते सगळ्यांनी लगेच ऐकलं. त्या वर्षी दहावीच्या दोन पोरांच्या बापांनी शाळेत येऊन विचारलं, की हिअर-लिसन येत नसलेल्या बाई आमच्या पोरांना कसं शिकवतात. हेडमास्तरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. जूनमध्ये मी कायम झाले. आप्पा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. त्या अबोल्यात घरात मला पहिल्यांदा शांतता मिळाली. पुढं लग्न झालं ते माझ्या पगारावर न रुसणाऱ्या माणसाशी झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

काकू कधी कधी एसटीनं आमच्याकडं यायच्या. सर अजून मुली तपासत होते, पण शीतलनं मध्येच ऑफिसातल्या एका मुलीशी लग्न करून टाकलं. बापाला न सांगता केलं, असं सर सगळीकडं सांगत असत.

मी एकदा काकूंना विचारलं, खरंच सांगितलं नव्हतं काय?

“दोनदा सांगितलं,” काकू म्हणाल्या. “मी तिथंच बसले होते.”